बोर्गीचं पहिलं ‘नको’

“साखर कुणाच्या शेतातली, हे कढई कधी विचारत नाही,” असं बोर्गहिल्ड तोस्तरुड, म्हणजे गावाची बोर्गी, एकदा हेगबीच्या किराणा दुकानात, भर शनिवारी, सगळ्यांच्या देखत म्हणाली होती.

तिच्या ढकलगाडीत उसाच्या साखरेची पिशवी होती. हेगबीत! जिथे रेड नदीच्या दोन्ही काठांनी क्षितिजापर्यंत साखरबीट पिकतं, गावाच्या टोकाला सभासदांचा सहकारी कारखाना उभा आहे, आणि बारशाच्या केकपासून मयताच्या कॉफीपर्यंत सगळीकडे बिटाचीच साखर विरघळते. उसाची साखर दुकानदार ठेवायचा ती सगळ्यात खालच्या फळीवर, वाट चुकून आलेल्या परगावच्या लोकांसाठी. त्या दिवशी बिटाची साखर संपली होती आणि बोर्गीला कढई चढवायची होती, एवढंच घडलं होतं. पण पिशवी सगळ्यांत आधी पाहिली ती नेमकी मार्डेलनं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावजयीनं.

“तुझ्या बहिणीनं उसाची घेतली,” मार्डेल जेवताना नवऱ्याला म्हणाली.

“काय उसाचं?” ओर्लिननं विचारलं.

“साखर.”

ओर्लिननं काटा खाली ठेवला. तो बिटाचा शेतकरी, कारखान्याचा संचालक, आणि संचालकाचा मुलगा. “मोठी पिशवी होती?”

“लहान.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जाऊन, दार लावून, एकटाच पोटभर हसला.

त्यानंतर कितीतरी दिवस गावात कुणी त्या पिशवीबद्दल चकार शब्द काढला नाही. हेगबीत एखाद्या गोष्टीची चर्चा करायची रीत हीच.

ओर्लिनला बहीण आठवते ती बिटाच्या रांगेत. जून महिना, वारा, जमीन इतकी सपाट की माणसाला आपली सावली तेवढी उंच वाटावी. दोघांच्या हातांत खुरपी, दाटीतली रोपं काढून टाकत पुढे सरकायचं. बोर्गी त्याच्याहून मोठी. ती पुढे, तो मागे. ती गात असे, मोठ्यानं आणि बेसूर, आणि गाता गाता नको ते रोप उपटून टाकी. बाप ओरडला की ती खो खो हसे. त्या भागातले लोक हसतात ते नाकातून, आवाज न करता, जणू हसण्यावरही कर आहे. बोर्गीचं हसणं मात्र शेताच्या त्या टोकाला ऐकू जायचं, आणि तिकडच्या रांगेतला कुणीतरी टोपी मागे सारून बघायचा, काय झालं म्हणून.

विशीत ती शहरात गेली. आईबापांना वाटलं, पोरगी लग्न जमवून येईल. ती आली ती गाडीच्या मागच्या सीटवर एक तांब्याची कढई घेऊन. पट्ट्यानं बांधलेली, वर घोंगडी घातलेली, लेकराला आणावं तशी. एका म्हाताऱ्या ग्रीक मिठाईवाल्याच्या हाताखाली ती कॅरमेल शिकली होती. गावातली बंद पडलेली बँक तिनं भाड्यानं घेतली आणि तिजोरीच्या खोलीत चॉकलेट ठेवायला लागली, कारण ऐन उन्हाळ्यातही तिथे गारवा असायचा. पुढे कढया वाढल्या, गावातल्या बायका कामाला आल्या. साय, लोणी, साखर. पाक गोळीबंद झाला की नाही ते बोर्गी अजूनही थेंब गार पाण्यात टाकून दोन बोटांत बघते. बोटं भाजतात, ती एक शिवी हासडते, नॉर्वेतून आलेल्या आजीकडून शिकलेली, आणि कढई उतरवते. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ती पहिला तुकडा स्वतःच्या हातानं भरवते. पाद्रीबुवांनाही. पाद्रीबुवा पहिल्यांदा लाजले होते. आता आल्या आल्या तोंड उघडतात.

भाऊ साखर पिकवायचा, बहीण साखर आटवायची. जग सरळ होतं. वाकडं होतं ते कायद्यात.

सरकारनं परदेशी साखरेला वेशीवर अडवून धरलं होतं. ठरलेल्या मापाच्या वर आली, तर तिच्यावर असा कर की ती आल्या पावली परत फिरावी. घरच्या साखरेचा भाव पडायला लागला तर त्याला सरकारी कर्जाचा टेकू. या टेकूवर ओर्लिनचं शेत उभं होतं, आणि त्यात त्याला लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. “जगातलं एकूण एक सरकार आपल्या साखरेला पांघरूण घालतं,” तो म्हणायचा, “मग आपणच का उघड्यावर झोपायचं?” ते खोटंही नव्हतं.

बोर्गी तीच साखर त्याच चढ्या भावानं घ्यायची. आणि उत्तरेला, सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचावं इतक्या जवळ, सरहद्दीपलीकडच्या देशात, विनिपेग शहरात, साखर स्वस्त होती. गंमत अशी की साखर म्हणून आलेली साखर सरहद्दीवर अडायची. पण तिचीच कॅरमेल करून वर चकचकीत कागद गुंडाळला, की ती हात हलवत आत यायची. एका नाताळात हेगबीच्याच दुकानात, बोर्गीच्या डब्याला खेटून, विनिपेगचा लाल डबा येऊन बसला. बोर्गीनं तो विकत घेतला, सगळा खाल्ला, आणि म्हणाली, “साय कमी घालतात मेले. पण हात बरा आहे.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर, ओर्लिनच्या स्वयंपाकघरात ती म्हणाली, “विनिपेगच्या त्या लाल डब्यावाल्यांनी विचारलंय. कढया घेऊन या म्हणतात. जागा देतो, माणसं देतो.”

मार्डेल बशा पुसत होती. तिनं वळून न बघता विचारलं, “कितीदा विचारलं?”

“दोनदा.”

“आणि तू काय म्हणालीस?” ओर्लिन म्हणाला.

“काय म्हणणार? नको म्हटलं. दोन्ही वेळा.”

या खोऱ्यात आग्रहाचा हिशेब लहानपणापासून अंगात मुरलेला असतो. कॉफी घेणार का, असं विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, तो शिष्टाचार. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा विचारल्यावर, “बरं, केलीच असेल तर अर्धा कप,” आणि मग तीन कप प्यायचे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि एकदाच विचारून किटली ठेवून देणारा माणूस जंगली. तेव्हा विनिपेगला दिलेली ती दोन ‘नको’ म्हणजे काय, हे ओर्लिनला बरोबर कळलं. त्यानं आपला रिकामा कप उगाच पुढे सरकवला.

“मार्चात वॉशिंग्टनची समिती येतेय,” बोर्गी म्हणाली. “तो साखरेचा कायदा पुन्हा लिहायचाय म्हणून लोकांचं ऐकायला. मी बोलणार आहे.”

“आमच्या बाजूनं?”

“ओर्लिन.”

“बरं, बरं. विचारलं आपलं.”

“मला इथे बोलायचंय. वॉशिंग्टनला जाऊन नाही. तू समोर बसलेला असताना. आणि बोलून झाल्यावर या गावात मला पहिल्यासारखं राहता येतं का, ते बघायचंय. आलं तर राहीन, मग साखरेचा भाव काही का असेना. नाही आलं, तर ते तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा हो म्हणेन.”

“आणि कुणी तुला वाईट बोललं तर?”

“हेगबीत?” बोर्गी हसली. “वाईट बोलले तर बरं होईल रे. न बोलण्याचीच भीती आहे.”

ती गेल्यावर मार्डेल पुष्कळ वेळ तीच एक बशी पुसत राहिली. मग म्हणाली, “त्या पिशवीचा मी तेव्हा विषय काढायला नको होता.”

कारखान्याचा चेअरमन वेंडेल ब्रेक्के. ओर्लिनच्या वर्गातला, त्याच्या शेजारच्या शेतातला, त्याच्या मागच्या बाकावर प्रार्थनेला बसणारा. समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात तो ओर्लिनला कारखान्याच्या आवारात भेटला. गोठलेल्या बिटांचे ढीग दोन्ही बाजूंना पसरले होते, मोठ्या थकलेल्या जनावरांसारखे, आणि बर्फ वितळू लागल्यानं त्यांच्या पाठींवरून वाफ निघत होती. दोघंही खिशात हात घालून ढिगांकडे बघत उभे राहिले. एकमेकांकडे बघून बोलणं तिथे भांडण समजतात.

“बोर्गी बोलणार म्हणतात,” वेंडेल म्हणाला.

“तसं ऐकतो.”

“कायद्याच्या विरुद्ध.”

“तसं ऐकतो.”

वेंडेलनं बुटानं बर्फ उकरला. “वेगळंच आहे हं,” तो म्हणाला.

ओर्लिनचे कान तापले. हेगबीत शिव्या नाहीत, ‘वेगळं’ आहे. कुणाच्या स्वयंपाकात मीठ जास्त झालं, कुणाच्या मुलीनं केस निळे केले, कुणाची बायको पळून गेली, तर ते वेगळं. याच्यापुढे शब्द नाही; याच्यापुढे फक्त गप्प बसणं आहे.

“ते लोक विमानानं परत जायचेत,” वेंडेल ढिगाला सांगावं तसं म्हणाला. “वेळ कमी असणार. सगळ्यांना बोलायला मिळेलच असं नाही. आणि नाही मिळालं, तर तुलाही काही वाईट वाटायचं कारण नाही.”

घरी जाताना त्याच्या लक्षात आलं, की आपण होही म्हटलेलं नाही आणि नाहीही. दिवसभर ते त्याला टोचत राहिलं, बुटातल्या खड्यासारखं.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली समितीचं टेबल, त्यावर हिरवं कापड. मागच्या भिंतीशी चर्चच्या बायकांनी कॉफीच्या मोठ्या टाक्या मांडलेल्या, शेजारी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या, आणि बोर्गीची कॅरमेल मोठ्या परातीत. सगळं खोरं आलं होतं. माणसं पाठीमागच्या खुर्च्यांपासून भरत आली, पुढच्या रांगा रिकाम्या; त्यांत फक्त बोर्गी बसली होती, लाल ब्लाउज घालून, एकटी. ओर्लिन संचालकांच्या रांगेत होता. तिथून त्याला तिची मान दिसत होती. मान ताठ होती, पण कानामागची बट ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती. शाळेत कविता म्हणायला उभी राहण्याआधी ती तसंच करायची.

समितीचे अध्यक्ष पेरिगो नावाचे गृहस्थ होते, पूर्व किनाऱ्यावरचे. चटपटीत बोलणारे, चटपटीत हसणारे, आणि कॉफी हवी का म्हणताच, “हो, धन्यवाद!” म्हणून कप पुढे करणारे. मार्डेल ओतता ओतता थबकली होती. मागच्या बायकांत एक लहानशी लाट जाऊन आली.

शेतकरी एकामागून एक बोलले. वेंडेल चांगलं बोलला. परदेशी सरकारं काय काय करतात ते त्यानं सांगितलं, टेकू काढला तर आधी कारखाना जाईल आणि मग शाळा, आणि ही व्यायामशाळासुद्धा, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. ओर्लिननंही वाजवल्या, मनापासून. कारण वेंडेलचं खरं होतं. आणि समोरच्या लाल ब्लाउजमधल्या बाईचंही खरं असणार, हे त्याला माहीत होतं, आणि ही दोन खरी एका छपराखाली कशी मावायची ते काही केल्या कळत नव्हतं.

पेरिगोंनी घड्याळ पाहिलं. मग समोर पाहिलं. “मिस तोस्तरुड, तुम्हाला बोलायचं होतं, असं मला सांगण्यात आलंय. बोलणार का?”

बोर्गी अर्धवट उठली, आणि तिच्या तोंडून आलं, “अहो नको, राहू द्या. तुमचं विमान असेल.”

“ठीक आहे, धन्यवाद,” पेरिगो म्हणाले, आणि त्यांनी लाकडी हातोडी उचलली.

शहरात माल विकायला गेली की बोर्गी ठोक व्यापाऱ्यांशी भांडायची. तिथे तिच्या तोंडून असं ‘नको’ कधी निघालं नव्हतं. पण इथे, आपल्या माणसांत, रविवारचे कपडे घालून, कॉफीच्या वासात बसल्यावर तिची जीभ जुन्या वळणावर गेली. आठवडेच्या आठवडे तयारी केलेलं बोलणं बाजूला राहिलं आणि शिष्टाचारच पुढे आला. आता ती अर्धवट उठलेली तशीच उभी होती, खाली बसताही येईना. तिचा चेहरा ओर्लिनला दिसत नव्हता. मान दिसत होती. मान लाल झाली होती.

व्यायामशाळेत कुणीच हललं नाही. वेंडेल छताकडे बघत होता. काम झालं होतं, आणि कुणीही काही केलं नव्हतं. ओर्लिननं नुसतं बसून राहायचं होतं. बसून राहणं ही त्या भागातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

त्याची खुर्ची मागे सरकली. फळ्यांवर तिचा असा आवाज झाला की पेरिगोंची हातोडी हवेतच राहिली.

“अध्यक्षमहोदय,” ओर्लिन म्हणाला, “तुम्ही एकदाच विचारलंत.”

“काय म्हणालात?”

“तिला. एकदाच.”

“पण त्या नको म्हणाल्या.”

“हो,” ओर्लिन म्हणाला. “ते पहिलं नको.”

मागून कुणीतरी नाकातून हसलं. मग आणखी कुणीतरी. पेरिगोंनी शेजारच्या मदतनिसाकडे पाहिलं. मदतनिसानं खांदे उडवले.

ओर्लिन बहिणीकडे वळला. एवढ्या लोकांसमोर तो कधी बोलला नव्हता, आणि बोलला असता तर हे बोलला नसता. “बोर्गी,” तो म्हणाला, “दोन शब्द बोलली असतीस तर बरं झालं असतं.”

“कशाला उगाच,” बोर्गी म्हणाली. सूर बरोबर होता, अगदी बरोबर, दुसऱ्या ‘नको’चा. “दमलेत सगळे.”

आता पेरिगो टेबलावर पुढे झुकले होते. “थांबा, थांबा. हे दुसरं?”

“दुसरं,” मागच्या बायका एका सुरात म्हणाल्या.

ओर्लिननं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाज आला तो त्याच्या शेजारून. वेंडेल ब्रेक्के उठून उभा होता. त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. आत काहीतरी झटापट चाललेली दिसत होती, आणि हेगबीचं संगोपन वेंडेलला हरवत होतं. आपल्या गावातली बाई दोन ‘नको’ घेऊन उपाशी घरी जाणार, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत? बिटाचा भाव गेला तरी एक वेळ चालेल.

“बोल बाई आता,” तो कुरकुरला. “आलीच आहेस तर बोल. नाहीतर माझी बायको वर्षभर मला जेवू घालायची नाही.”

“बरं,” बोर्गी म्हणाली. “वेळ असलाच, तर थोडंसं.”

व्यायामशाळा हसली. नाकातून नाही, तोंडानं. जुन्या फळ्यांवरून तो आवाज घरंगळत गेला आणि बास्केटबॉलची जाळी हलल्यासारखी वाटली. पेरिगो मदतनिसाच्या कानाशी लागले, पण माइक चालू होता. “जे बोला म्हणताहेत, ते यांचे विरोधक ना?” ते विचारत होते. “मग हे काय चाललंय?”

बोर्गी माइकपाशी गेली. बट सारखी केली.

“मी बिटात जन्मले,” ती म्हणाली. “माझी कंबर अजून खुरपं विसरलेली नाही. त्यामुळे मला कुणी बीट शिकवू नका. तुम्ही लोकांनी साखरेला दार लावून घेतलंत. ठीक आहे. पण खिडकी उघडी ठेवलीत. साखर खिडकीतून येते, अंगावर चकचकीत कागद घालून, आणि माझ्या डब्याशेजारी येऊन बसते. तिचं काही चुकत नाही. थंडी आहे, कुणालाही आत यावंसं वाटेल.”

हसण्याची एक झुळूक आली.

“मला हे दार एका रात्रीत सताड उघडायला नकोय. माझा भाऊ दाराशीच झोपतो. पण दर वर्षी थोडं थोडं उघडा. सांगून उघडा, म्हणजे त्याला अंथरूण सरकवायला वेळ मिळेल. आणि तोवर त्याला जे द्यायचं ते उघड द्या, त्याच्या हातात द्या, लोकांना दिसेल असं. आज ते तुम्ही माझ्या कढईत लपवून देता. शाळेतलं पोर खाऊ घ्यायला येतं, तेही ओर्लिनला थोडं देऊन जातं, आणि त्या पोराला ते माहीत नसतं. ओर्लिनला असं घ्यायला आवडतं का, मी त्याला कधी विचारलं नाही. पण मी त्याला ओळखते.”

हसू थांबलं होतं. ओर्लिन आपल्या बुटांकडे बघत होता. या बाजूनं त्यानं आपल्या शेताकडे कधी पाहिलं नव्हतं. दिसलं ते त्याला पटलं नाही, पण ते तिथे होतं, हिवाळ्यात झाडामागचं घर दिसावं तसं.

“आणि बिटाचा भाव खाली आला,” पेरिगोंनी विचारलं, “तर भावाला काय सांगाल?”

“साठ वर्षं जे सांगतेय तेच. थंडी आहे, टोपी घाल.”

पेरिगोही हसले. मग ओर्लिनकडे बघून म्हणाले, “तुम्ही बहिणीशी सहमत आहात का?”

“नाही,” ओर्लिन म्हणाला. “एका शब्दाशीही नाही.” तो खाली बसला, पुन्हा अर्धा उठला. “पण ती म्हणाली ते माझ्या देखत म्हणाली. ते लिहून घ्या.”

समितीचं विमान चुकलं नाही, पण ते धावतच गेले. पेरिगोंनी जाता जाता परातीतून मूठभर कॅरमेल खिशात घातली, कुणी एकदाही न विचारता. आणि त्या दिवसापुरतं ते त्यांना माफ झालं.

मग उरली ती कॉफी. बोर्गी कप घेऊन मध्येच उभी राहिली. ओर्लिन लांबून बघत होता. हीच ती वेळ. आता जर लोक तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे वळून गेले, तर विनिपेगवाल्यांनी तिसऱ्यांदा विचारताच त्या कढया पुन्हा गाडीच्या मागच्या सीटवर बांधल्या जातील.

पहिला गेला वेंडेल. तो तिच्या शेजारी उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

“नदी चढतेय,” तो म्हणाला.

“हो ना,” बोर्गी म्हणाली.

“पुलापाशी बर्फ अडकलाय.”

“अडकणारच.”

“तुझं ते बोलणं,” वेंडेल म्हणाला, आणि ओर्लिनला वाटलं, आला आता तो शब्द. वेंडेलनं कॉफीचा घोट घेतला. “तितकंसं वाईट नव्हतं.”

ओर्लिनला वाटलं आपण चुकून ऐकलं. वेंडेलच्या मुलीच्या लग्नात त्यानं जावयाबद्दल जे म्हटलं होतं, तेही एवढं कौतुक नव्हतं.

“पण चूक होतं,” वेंडेलनं पुढे जोडलं.

“तुझंही,” बोर्गी म्हणाली. “तुझं तर लांबही होतं.”

मग मार्डेल आली, ओल्या हातांनी, एप्रन सारखा करत. तिचे डोळे जरासे लाल दिसत होते. कॉफीच्या वाफेनंही होतात तसे. “बोर्गी, बुधवारी चर्चमध्ये उपासाच्या दिवसांतलं सुपाचं जेवण आहे, भांडी घासायची पाळी तुझी आहे,” ती म्हणाली. “मागच्या बुधवारी आली नाहीस. वाटाण्याचं सूप खाली लागलं होतं, पातेलं मी एकटीनं घासलं.”

“लाकडी उलथनं वापरत नाहीस, म्हणून लागतं.”

“मला शिकवू नकोस.”

“मग जाळू नकोस.”

आजूबाजूला माणसं जमत गेली. कुणी पंप बिघडल्याचं सांगितलं, कुणी नातीचा दात पडल्याचं. भाषणाबद्दल कुणी बोललं नाही, पण ते न बोलणं निराळं होतं. त्यात जागा होती. तिच्या खांद्याला खांदे लागत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, जो तिच्या बापाचा मित्र होता, समोर येऊन नुसतं तोंड उघडलं, आणि बोर्गीनं परातीतला तुकडा उचलून त्यात घातला. तिच्या हसण्याचा आवाज व्यायामशाळेच्या त्या टोकाला गेला.

ओर्लिन सगळ्यांत शेवटी तिच्यापाशी पोचला. “मग?” तो म्हणाला. “विनिपेगचं काय?”

बोर्गीनं त्याच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा कोट काढला आणि डोक्याला रुमाल बांधायला लागली.

हेगबीत निघणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. आधी खुर्चीत बसून मांडीवर थाप मारायची, “चला तर मग.” मग उभं राहून नव्यानं गप्पा. मग दाराशी. मग पायरीवर. मग गाडीच्या काचेतून, इंजिन चालू ठेवून. फेब्रुवारीपासून बोर्गीचे निरोप फारच लांबले होते. ओर्लिनच्या पायरीवर ती थंडीत कितीतरी वेळ उभी राहायची, धान्याच्या कोठीकडे, दिव्याच्या खांबाकडे, मार्डेलच्या पडद्यांकडे बघत, आणि त्याला आत भीती वाटायची. सकाळी उठून शेडकडे जाताना मात्र तो स्वतः मार्डेलचा कधी निरोप घेत नसे. घरातलं माणूस घेतं का?

दाराशी माणसं सरकून उभी राहिली, लांबलचक निरोपाच्या तयारीनं. मार्डेलनं हात पुसून पुढे केलासुद्धा. बोर्गीनं रिकामी परात बगलेत मारली, कॅरमेलचा राहिलेला चुरा बोटानं पुसून चाटला, कमरेच्या धक्क्यानं दार ढकललं, आणि कुणाला एक शब्दही न बोलता, वितळत्या बर्फात फताक फताक बूट आपटत, बँकेतल्या आपल्या कढयांच्या दिशेनं चालू लागली.